थंड खोली कोणासाठी?



एप्रिल उजाडला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. "डॉक्टर, यंदा घरी एसी घ्यायचा म्हणतोय, पण आईला तो सोसेल का?" काही दिवसांनी त्याच घरातील आई रक्तदाब तपासून घ्यायला येते आणि निघताना हळूच सांगते, "मुलानं एसी बसवलाय हो, पण मी काही त्या खोलीत फारशी जात नाही. सवय नाही आम्हाला. आणि बिल केवढं येतं!"

हे दोन्ही संवाद आता इतके नेहमीचे झाले आहेत की मुलाचा प्रश्न आणि आईचे उत्तर यांचा एकत्र विचार करण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते. एसी ज्येष्ठांना अपायकारक आहे का, तो कसा वापरावा, त्याचा खर्च किती, आणि घरात एकच थंड खोली असेल तर तिच्यावर पहिला हक्क कोणाचा, या प्रश्नांची उत्तरे या अंकात आपण पाहू.

चैनीची वस्तू घरात कशी आली

आजच्या अर्थाने वातानुकूलन यंत्राचा जन्म १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात झाला. दमट हवेमुळे तेथे कागद फुगे आणि रंग नेमक्या जागी बसत नसत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतील बाष्प आवरणारी यंत्रणा उभारली. म्हणजे माणसाच्या सुखापेक्षा कागदाची सोय प्रथम पाहिली गेली. मुंबईत १९३३ साली सुरू झालेल्या रीगल चित्रपटगृहात वातानुकूलन होते. माझ्या पिढीच्या लहानपणी 'वातानुकूलित' हा शब्द चित्रपटगृहाच्या दारावर किंवा बँकेच्या व्यवस्थापकाच्या खोलीबाहेरच वाचायला मिळे. घरात एसी असणे हे श्रीमंतीचे लक्षण मानले जाई. ज्येष्ठांच्या मनातील संकोचाचे मूळ तेथे आहे.

आता चित्र पालटले आहे. देशात एका वर्षात एक कोटीहून अधिक एसी विकले जाऊ लागले आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कूलर आणि एसी दोन्ही मिळून मोजले, तेव्हा देशातील जेमतेम चौथा हिस्सा कुटुंबांकडे यांपैकी काहीतरी आढळले. केंद्र सरकारने २०१९ मध्ये शीतकरणाचा राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला. २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशाची शीतकरणाची एकूण गरज सुमारे आठ पटींनी वाढेल, असा अंदाज त्यात वर्तवला आहे. तेव्हा आज ज्या घरात एसी नाही, त्यांपैकी अनेक घरांत तो येत्या काही वर्षांत येणार आहे.

"आम्ही जन्मभर पंख्यावर काढली"

हे वाक्य मी आदराने ऐकतो, कारण ते खरे असते. मात्र ज्या शरीराने तो काळ काढला, ते शरीर आता बदललेले आहे.

उष्णतेपासून बचावासाठी शरीराकडे दोन मुख्य साधने आहेत. त्वचेकडे अधिक रक्त पाठवून उष्णता बाहेर टाकणे हे एक आणि घामाच्या बाष्पीभवनाने थंडावा मिळवणे हे दुसरे. वाढत्या वयात दोन्ही मंदावतात. घाम उशिरा आणि कमी येतो. त्वचेकडे रक्त वळवताना हृदयाला अधिक कष्ट पडतात. तहानेची जाणीव बोथट होते, त्यामुळे शरीरातील पाणी कमी झाले तरी प्यावेसे वाटत नाही. मधुमेहामुळे नसांवर परिणाम झालेल्यांमध्ये घाम येण्याची क्रिया आणखी बिघडते.

त्यात औषधांची भर पडते. लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधे, मधुमेहाची लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधे, कंपवातावरील, लघवीवरील ताबा सुधारणारी, ॲलर्जीची आणि मानसिक आजारांवरील काही औषधे, यांपैकी कोणतेही एक शरीरातील पाणी कमी करते किंवा घामाच्या अथवा तापमान राखण्याच्या क्रियेत अडथळा आणते. याचा अर्थ ही औषधे उन्हाळ्यात आपणहून बंद करावीत, असा मुळीच नाही. मार्चअखेरीस सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि "उन्हाळ्यासाठी यात काही बदल हवा का?" एवढे विचारून यावे.

घरेही बदलली. जाड मातीच्या भिंती, उंच कौलारू छप्पर, ओसरी आणि अंगणातील बाज यांच्या जागी काँक्रीटची स्लॅब आली. ही स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर ती उष्णता खोलीत सोडत राहते. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे सांगायला नकोच. दिवसाच्या तापातून सावरण्यासाठी शरीराला रात्रीचा गारवा लागतो. सलग चार-पाच रात्री तो मिळाला नाही, तर मनुष्य उन्हात पाऊलही न टाकता घरातल्या घरात आजारी पडू शकतो. ज्येष्ठांमधील उष्माघात पुष्कळदा असाच होतो.

अहमदाबादेत मे २०१० मध्ये तापमान ४६.८ अंशांवर गेले. त्या महिन्यातील मृत्यूंची नेहमीच्या वर्षांशी तुलना केल्यावर १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे संशोधकांना आढळले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेविषयी कृती आराखडा तयार केला आणि पुढे देशातील अनेक शहरांनी तो मार्ग स्वीकारला. शिकागो शहरात जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक लोक दगावले. त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांची संख्या मोठी होती. नंतरच्या अभ्यासात दिसले, की घरात चालू स्थितीतला एसी असणाऱ्यांचा धोका बराच कमी होता. शिवाय ज्यांना इमारतीतील किंवा जवळपासच्या एखाद्या थंड जागेत जाऊन बसता येत होते, त्यांनाही त्याचा लाभ झाला. हा दुसरा निष्कर्ष आपण लक्षात ठेवू. त्याचा उपयोग पुढे होणार आहे.

कूलर की एसी?

याचे उत्तर आपण कोठे राहता यावर अवलंबून आहे. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, म्हणून हवा जितकी कोरडी तितका तो प्रभावी. आमच्या विदर्भात नवतप्याच्या दिवसांत वाळ्याचा चांगला कूलर खोली सुखद ठेवतो, तेही एसीच्या मानाने फार थोड्या विजेत. मात्र कूलर लावताना खिडकी उघडी हवी. बंद खोलीत तो केवळ दमटपणा वाढवतो. जूनमध्ये हवेत बाष्प आले की त्याचा उपयोग संपतो.

मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्यात हवा मुळातच दमट असते. तेथे पारा ३५-३६ अंशांवर असला, तरी घाम वाळत नाही आणि शरीराचे मुख्य शस्त्रच निकामी होते. म्हणूनच हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार सपाट प्रदेशात ४० अंशांपासून, तर किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच करू लागते. अशा ठिकाणी कूलर घेऊन पैसे वाया घालवू नयेत. पंखा पुरेनासा झाला तर एसी हाच उपाय आहे. एसीवरील 'ड्राय' हा पर्याय हवेतील बाष्प कमी करतो. पावसाळ्याच्या तोंडाशी तो अनेकदा पुरेसा ठरतो.

कूलरविषयी दोन सूचना. टाकीतील पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून, घासून, कोरडी करूनच पुन्हा भरावे, नाही तर डेंगीचे डास तेथेच वाढतात. आणि चालू कूलरला हात लावू नये. पाणी भरताना प्लग काढून ठेवावा. अर्थिंग नसलेल्या लोखंडी कूलरचा धक्का लागून दर उन्हाळ्यात माणसे दगावतात.

एसी सोसत नाही, तेव्हा नेमके काय सोसत नाही?

"एसीनं सांधे धरतात, घसा बसतो, डोकं जड होतं," अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी विचारतो, तापमान किती ठेवता? उत्तर बहुधा १८ ते २० असे येते. बाहेर ४२ आणि आत १८, असा फरक वृद्ध शरीराने सोसावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. अचानक गारव्यात आल्यावर रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. थंड कोरड्या हवेने दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळतात. त्रास होतो तो अतिरेकाचा. नीट वापरलेला एसी बहुतेक ज्येष्ठांना उत्तम सोसतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना तर त्याने मोठाच आराम मिळतो, कारण घामाने ओली राहणारी पाठ कोरडी राहते आणि शय्याव्रणाचा धोका घटतो.

पुढील पथ्ये पाळावीत.

• तापमान २५ ते २६ अंश ठेवावे आणि जोडीला पंखा मंद गतीने चालवावा. १ जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या स्टार लेबलच्या एसींचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवलेले असते. आकडा १८ वर नेल्याने खोली झटपट गार होत नाही. बहुतेक वेळा यंत्र केवळ अधिक काळ राबत राहते.

• हवेचा झोत थेट अंगावर, विशेषतः मान, खांदे आणि गुडघ्यांवर येऊ देऊ नये. पलंगाची जागा बदलावी किंवा झडपा वर कराव्यात. पायांवर सुती चादर असावी.

• स्प्लिट एसी खोलीतील हवाच पुन्हापुन्हा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळ एसी बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. घरात कोणाला सर्दी, फ्लू किंवा क्षयाचा खोकला असेल, तर बंद खोलीत सर्वांनी एकत्र झोपू नये.

• बंद खोलीत डासांची कॉइल, उदबत्ती, धूप काहीही जाळू नये. दम्याचे आणि हृदयाचे रुग्ण याने रात्रीतून बिघडतात. मच्छरदाणी सर्वांत उत्तम.

• जाळी दर पंधरा दिवसांनी पाण्याखाली धुवावी. हे काम घरातील तरुणाने करावे; ज्येष्ठांनी स्टुलावर चढू नये.

• थंड हवेत घाम कमी येतो, त्यामुळे रात्री लघवीला अधिक वेळा उठावे लागते. पायांपाशी मंद दिवा, चपला हाताशी आणि वाट मोकळी असावी. उठताना काठावर मिनिटभर बसावे. एसीपेक्षा या उठण्यात होणारे पडणे अधिक घातक असते.

• त्वचा आणि डोळे कोरडे पडत असतील तर आंघोळीनंतर खोबरेल तेल लावावे. डोळ्यांसाठी आपल्या डॉक्टरांना विचारून थेंब घ्यावेत.

• एसीसाठी स्वतंत्र जाड वायर, १६ अँपिअरचा सॉकेट आणि अर्थिंग असावे. एक्स्टेन्शन बोर्डवर तो कधीही चालवू नये.

स्मृतिभ्रंशाचा रुग्ण रिमोटवरील बटणे उलटसुलट दाबतो किंवा भर दुपारी एसी बंद करून, खिडकी लावून स्वेटर घालून बसतो. त्याला उष्णता नीट जाणवत नाही आणि सांगताही येत नाही. अशा घरात रिमोट काळजीवाहकाने आपल्याजवळ ठेवावा आणि भिंतीवर एक साधा तापमापक टांगावा. रुग्णाच्या बोलण्यापेक्षा त्या आकड्यावर विश्वास ठेवावा.

आणखी एक गोष्ट. दिवसरात्र एसीत राहिल्याने शरीराची उष्णतेशी जुळवून घेण्याची सवय मोडते आणि ती पुन्हा लागायला आठवडा-दोन आठवडे जातात. म्हणून सकाळी लवकर फिरणे आणि संध्याकाळी ओट्यावर किंवा गच्चीत बसणे सोडू नये. एसी दुपारच्या कडक वेळेसाठी आणि रात्रीसाठी राखावा.

बिलाचा हिशेब

ज्येष्ठांच्या मनातील खरा अडसर बिलाचा असतो. तो कागदावर मांडून पाहिला तर भीती बरीच कमी होते. एसीवरील स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील हे लिहिलेले असते आणि तो आकडा वर्षाला १,६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. समजा, लेबलवर ८०० युनिट आहेत. म्हणजे सरासरी ताशी अर्धा युनिट. कडक उन्हाळ्यात प्रत्यक्ष वापर याहून जास्त होतो, म्हणून आपण दुप्पट, ताशी एक युनिट धरू. रोज रात्री आठ तास, असे साठ दिवस चालवल्यास ४८० युनिट होतात. युनिटचा दर दहा रुपये धरला तर संपूर्ण उन्हाळ्याचे ४,८०० रुपये, म्हणजे दिवसाला ८० रुपये. आपल्या भागातील दर वेगळा असेल. शिवाय वापर वाढला की वरच्या टप्प्यातील युनिटना अधिक दर लागतो, हेही ध्यानात घ्यावे. एक अंश तापमान वाढवल्याने साधारण सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो.

ही रक्कम सर्वांना परवडेल असे मी म्हणणार नाही. परंतु ज्यांना ती परवडते आणि केवळ संकोचापोटी जे उकाड्यात झोपतात, त्यांनी तिची तुलना अतिदक्षता विभागातील एका दिवसाच्या खर्चाशी करून पाहावी.

पहिला हक्क कोणाचा?

आता थोडे अप्रिय बोलतो. बहुतेक घरांत पहिला एसी मुलाच्या आणि सुनेच्या शयनगृहात बसतो. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. कर्ज त्यांच्या नावावर असते, सकाळी कामावर त्यांना जायचे असते, नातवंडे लहान असतात. आई-वडील मात्र बैठकीच्या खोलीत पंख्याखाली राहतात आणि विचारले तर "आम्हाला इथंच बरं वाटतं" म्हणतात. मुलांच्या खोलीत रात्री जाऊन झोपणे त्यांना प्रशस्त वाटत नाही आणि मुलांनाही तसे सुचत नाही. अशा रीतीने घरातील सर्वांत नाजूक माणूस सर्वांत तापलेल्या खोलीत झोपतो.

मुलांना माझे सांगणे असे, की "तुम्हाला एसी हवा का?" असे विचारू नका. त्याचे उत्तर ठरलेले आहे. एकच एसी घेणार असाल तर तो आई-वडील झोपतात त्या खोलीत किंवा सर्वांना एकत्र झोपता येईल अशा मोठ्या खोलीत बसवा. वर्षातील अतिकडक तीन-चार आठवडे सर्वांच्या गाद्या एका खोलीत घाला. पूर्वी उन्हाळ्यात सगळे घर गच्चीवर झोपत असे, त्यात कोणाला अवघड वाटत नव्हते.

ज्येष्ठांना सांगणे असे, की काटकसर हा आपला गुण आहे, आणि त्यावरच ही घरे उभी राहिली. पण आपण उष्णतेने आजारी पडलात, तर घरातील एकाची रजा, दुसऱ्याची झोप आणि सर्वांचा जीव टांगणीला लागतो. थंड खोलीत झोपणे हे औषध वेळेवर घेण्यासारखेच समजावे.

आणि त्या खोलीचा विचार करताना स्वयंपाकघरातील व्यक्ती, ज्येष्ठांची सेवा करणाऱ्या बाई आणि इमारतीचा पहारेकरी यांनाही विसरू नये. एसी आतली उष्णता बाहेर टाकतो, ती कोणाच्या तरी खिडकीशी जाते. बाहेरचा भाग बसवताना शेजाऱ्याची खिडकी टाळावी. दुपारी स्वयंपाक आटोपशीर ठेवावा.

ज्यांच्या घरी एसी नाही

शिकागोचा तो दुसरा निष्कर्ष येथे कामी येतो. दिवसातील काही तास थंड जागी घालवले तरी शरीराला उसंत मिळते. शेजाऱ्याकडे एसी असेल तर दुपारी दोन तास तेथे बसावे, वाचनालय किंवा सभागृह असेल तर तेथे जावे. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी मजल्यावरील एकट्या राहणाऱ्या आजोबांना स्वतःहून बोलवावे.

घरी गच्चीला उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात द्यावा. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून तट्टी किंवा हिरवी जाळी लावावी. दिवसा खिडक्या बंद आणि रात्री उघड्या ठेवाव्यात. पारा चाळिशीपार गेला की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. तेव्हा ओल्या फडक्याने हात, पाय, मान पुसून मगच पंख्याखाली बसावे. पन्हे, ताक, आंबील, साधे पाणी तहान नसतानाही थोड्याथोड्या अंतराने घ्यावे. हृदयविकारामुळे किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. खिशात कांदा ठेवण्याची श्रद्धा असेल तर जरूर ठेवावा, पण त्या भरवशावर दुपारी बाहेर पडू नये.

हे दिसल्यास थांबू नये

उन्हाळ्यात ज्येष्ठ व्यक्ती अचानक असंबद्ध बोलू लागली, पेंगुळली, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, अंग चटचटीत तापले, लघवी अगदी कमी झाली, तर "वयामुळे होतंय" असे म्हणू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत सावलीत किंवा थंड खोलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर साधे पाणी शिंपडून जोरात वारा घालावा, काखेत आणि मानेला ओली फडकी ठेवावीत. शुद्ध हरपत असल्यास तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी देऊ नये. उष्माघातात तिचा उपयोग होत नाही.

या पंधरवड्यात एक काम करावे. घरातील ज्येष्ठ व्यक्ती जेथे झोपते, तेथे रात्री अकरा वाजता तापमापक ठेवून आकडा वाचावा आणि मग आपल्या खोलीतील आकडा पाहावा. दोन्ही आकडे शेजारीशेजारी कागदावर लिहून जेवणाच्या टेबलावर ठेवावेत. पुढचा निर्णय घरातील सर्वांनी मिळून घ्यावा. पावसाळा येईपर्यंत थांबू नये.